थेंबाची वेळ

"दादाला सांगा, थेंबाची वेळ झाली," धाकटा आपल्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाला.

दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, हातभर अंतरावर शेजारच्या खुर्चीमागे उभा होता. अर्धे केस कापून झालेल्या गिऱ्हाइकानं निरोप मुकाट्यानं पोचवला.

"त्याला म्हणावं, मला घड्याळ कळतं," थोरला म्हणाला. तेही बिचाऱ्यानं परत नेलं.

दोघांच्या या केशकर्तनालयात अबोला सुरू झाला तो पंख्यावरून. थोरल्याचे डोळे कायमचे कोरडे पडले होते. म्हणजे डॉक्टर तसं म्हणायचे. डोळ्यांतून तर घळाघळा पाणी वाहायचं. "पाणी वाहतंय आणि तुम्ही कोरडे म्हणता?" असं त्यानं विचारूनही पाहिलं. डोळे सुकून चुरचुरतात म्हणूनच ते पाणी येतं, पण त्यानं ओलावा टिकत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. थेंब लिहून दिले आणि वर बजावलं, की आठवणीनं पापण्या मिटत चला. थोरला आज्ञाधारक. तो आरशासमोर मन लावून डोळे मिचकावू लागला. एका टकल्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्या टकलावरून भावाभावांत खुणा चालल्यात. तो टॉवेल फेकून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

पंख्याचा वारा लागला की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. थोरला पंखा बंद करायचा, घामाघूम गिऱ्हाइकं कुरकुरायची, धाकटा पुन्हा लावायचा. एकदा धाकट्याचं डोकं फिरलं. "एवढं सोसत नाही तर घरी डोळे मिटून बस ना! मी बघतो दुकान." हे थोरल्याच्या जिव्हारी लागलं. धाकट्याच्या हातात पहिला वस्तरा त्यानंच दिला होता. त्या दिवसापासून बोलणं बंद.

थेंब मात्र बंद करता येईनात. जगाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणाऱ्या थोरल्याला स्वतःच्या डोळ्यात थेंब घालता येत नसे. बाटली जवळ आली की पापणी गच्च मिटायची आणि थेंब कानात, नाकात, वाटेल तिकडे जायचा. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा तो रिकाम्या खुर्चीत मान मागे टाकून बसे. धाकटा चकार शब्द न काढता दोन बोटांनी पापणी उचलून थेंब सोडी, आणि मग दोघं पुन्हा एकमेकांना अनोळखी होत.

थोरल्याला खरी धास्ती होती वस्तऱ्याची. दुपारनंतर सगळं धूसर व्हायचं. कात्री चुकली तर केस पुन्हा येतात, पण वस्तरा चुकला तर? हे कबूल करावं, तर धाकट्याचं म्हणणं खरं ठरणार. म्हणून घड्याळाचा निरोप धाडला त्या दिवशी त्यानं हट्टानं थेंब टाळला आणि बँकेच्या रखवालदाराला दाढीला बसवलं.

रखवालदाराची पिकलेली, झुपकेदार मिशी साऱ्या रस्त्याला ठाऊक होती. "बंदूक काय, नावाला आहे," तो स्वतःच सांगे, "चोर मिशीला भितात." फेस लागताच त्याचा डोळा लागला. थोरल्याला फेस आणि मिशी एकच पांढरं दिसलं. वस्तरा फिरला.

रखवालदार जागा झाला आणि आरशात बघत राहिला.

"अर्धी कुठंय?" त्यानं हळूच विचारलं.

धाकटा लगबगीनं आला. "मीच म्हणालो होतो दादाला, यांची मिशी काढून बघ. किती तरुण दिसताय!"

"अर्धी?"

"अर्धी काढून तुम्हाला विचारायचं ठरलं होतं."

"आणि बँकेत काय सांगू?"

"सांगा, आता चोरांना ओळखू येणार नाही."

उरलेली मिशी धाकट्यानं काढली. रखवालदार ओठांवर हात धरून गेला. दुकान रिकामं झालं.

"वस्तरा गळ्यावर असता तर," थोरला आरशाकडे बघत म्हणाला.

"नव्हता ना," धाकटा म्हणाला.

त्यानं पंखा बंद केला, थोरल्याला बसवून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. मग स्वतः थोरल्याच्या खुर्चीत बसला आणि गळ्याभोवती कापड गुंडाळून घेतलं.

"माझी दाढी कर."

"दिसत नाही रे मला."

"आत्ताच थेंब घातलेत. निवळू दे. मला कुठं जायचंय?" त्यानं मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

थोरला थांबला. हळूहळू भावाचा चेहरा स्पष्ट झाला. मग डाव्या हाताची बोटं कातडीवरून पुढे आणि वस्तरा मागे, असा तो सावकाश निघाला. उघडा गळा तसूभरही हलला नाही. थोरल्याला एकदम भरून आलं, आणि टपकन पाणी धाकट्याच्या कपाळावर पडलं.

"चुरचुरतंय का?" धाकट्यानं डोळे न उघडता विचारलं.

"हो," थोरला म्हणाला.

शेवटचा हात फिरवून त्यानं वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि धाकट्याच्या खणात ठेवून दिला.

"उद्यापासून दाढ्या तुझ्याकडे," तो म्हणाला. "केस मी बघेन."