मोटारीतलं गोड तीर्थ

आडगाव नाक्यावरची रांग सकाळी सातलाच पिंपळापर्यंत पोचायची, आणि नऊ वाजेपर्यंत ती इतकी लांबायची की दर्शन होईतो शेवटच्या माणसाची दाढी दोन बोटं वाढलेली असायची. रांगेच्या टोकाला वाल्मीकशेटच्या द्राक्षांच्या वखारीत एक मोटार उभी होती. लाल, बुटकी, जमिनीला पोट घासेल अशी, दोनच माणसं मावतील एवढी. बोटीवर नोकरी करणाऱ्या शेटच्या मेव्हण्यानं ती विलायतेहून आणली होती. शर्यतीची गाडी म्हणे. नाशिकच्या खड्ड्यांत तिनं अजून एका हातगाडीलाही मागं टाकलं नव्हतं. पण शहाऐंशीच्या दसऱ्याला तिच्यात देवी आली आणि तिचं भाग्य फळफळलं.

त्याचं असं झालं. दसऱ्याला वाहनाची पूजा करायची तर इंजिन चालू हवं, आणि गाडीत जे जे चालू होऊ शकतं ते सगळं चालू हवं. दिवे, वायपर, हॉर्न, रेडिओ. शेटनं हौसेनं एकूण एक कळ फिरवली. त्यात लाल टिकलीची एक कळ होती. ती कशाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तीही फिरवली. थोड्या वेळानं पुढच्या काचेवर आतून धुकं चढलं. त्या धुक्यात कुणाला मोकळ्या केसांची बाई दिसली, आणि एकीला दिसली म्हटल्यावर सगळ्यांना दिसली. डाव्या सीटपुढं हिरवट पाणी टपकू लागलं. पूजा सांगायला आलेल्या झुंबरबुवानं बोट बुडवून जिभेला लावलं.

“गोड आहे,” तो म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्यानं स्वतःचं घर सोडलं ते सोडलंच. “आईनं काळ ओळखला, बेटा. वाघ झाला, सिंह झाला, आता आई चार चाकांवर आली. पेट्रोलवर चालते, भक्तीवर थांबते.”

एवढ्यावर लोक भुलले नसते. नाशिकची माणसं तशी खवचट. त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमधला मल्हारी मिस्त्री बोलावला. बावीस वर्षं इंजिनाखाली आडवं पडून काढलेला माणूस. मल्हारीनं छप्पर पाहिलं, पाऊस आठ दिवसांत नव्हता. रेडिएटर पाहिला, तो पार पुढं नाकाशी. मग हात पुसत दोनशे माणसांदेखत तो म्हणाला, “गाडीत आत पाण्याची नळी नसतेच. हे पाणी गाडीचं नाय.”

झालं. बुवाला दुसरं काय हवं होतं? एसटीच्या मिस्त्रीनं हात टेकले, ही बातमी घोटीपर्यंत गेली, आणि तिथून ती मल्हारीच्याच घरी परत आली, त्याच्या लेकीला, चांगुणाला, घेऊन.

चांगुणा घोटीला दिलेली. सात वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. सासूनं सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर मुलाचं दुसरं पाहू. बुवानं तिला उपाय दिला: दसऱ्यापासून पाचव्या दिवशी, निरंकार उपाशी, भरलेला पेला एका दमात. पोरगी इतक्या दिवसांनी हसली होती. मल्हारी तिला अडवणार कसा? ग्वाही त्याचीच होती.

मात्र तिसऱ्या दिवशी वखारीच्या मागच्या दारात राखणीला बसणाऱ्या कुत्र्यानं तीर्थाचं ताम्हण चाटलं आणि संध्याकाळी झोकांड्या खात मेलं. बुवा म्हणाला, गावाचं पाप घेऊन गेलं. चौथ्या दिवशी वाटीभर तीर्थ घेतलेली कुसाबाई ओकत ओकत दवाखान्यात गेली. तिला लघवी होईना. काय खाल्लं, काय प्यायलं, डॉक्टर विचारत होते आणि घरचे तीर्थाचं नाव घ्यायला तयार नव्हते. बुवा म्हणाला, आतली घाण निघतेय.

पाचव्या दिवशी मल्हारी चांगुणाला घेऊन उजाडताच आला, तिला रांगेत पहिलं बसवलं आणि वखारीच्या मागं तंबाखू मळायला गेला. मागच्या दाराच्या पडद्याच्या फटीतून बुवा दिसला. बॉनेट वर, झेंडूच्या माळा बाजूला, आणि बुवा डब्यातून हिरवं पाणी रेडिएटरमध्ये ओतत होता.

“आईची अंघोळ,” मल्हारीला पाहून बुवा म्हणाला, आणि पडदा ओढून घेतला.

मल्हारीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. इंजिन रोज पाणी पितं, तर ते जातं कुठं? गळालं तर खाली ओल दिसेल, जमीन कोरडी. जळालं तर सायलेन्सरातून पांढरा धूर येईल. धूर पाच दिवसांत त्यानं पाहिला नव्हता. मग उरलं काय? बॉनेटखालून अंगठ्याएवढ्या जाड दोन रबरी नळ्या पत्र्यातून आत शिरत होत्या. दसऱ्याला त्या त्याच्या डोळ्यांना दिसल्याही होत्या. असतील काहीतरी, म्हणून त्यानं सोडून दिल्या होत्या.

कचऱ्यात तसलाच रिकामा डबा पडला होता. अर्धं इंग्रजी लेबल नखांनी खरवडलेलं. उरलेल्या अर्ध्यावर कवटी आणि दोन हाडं. पेल्याला अजून अवकाश होता, आणि या वेळी खात्रीशिवाय बोलायचं नव्हतं; डबा घेऊन मल्हारी सुटला तो थेट विमलाबाईंच्या दारात. विमलाबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी नळ्यांचं आणि लाल कळीचं ऐकत चष्मा लावून डबा वाचला आणि वाचता वाचताच चपला शोधू लागल्या.

“मिस्त्री, थंड मुलखात गाडीत शेगडी असते. इंजिनाचं गरम पाणी आत आणतात, छोट्या जाळीतून फिरवतात, त्यावर पंख्याचं वारं. ती लाल टिकलीची कळ तिचीच. जाळी फुटली की पाणी आत गळतं आणि वाफ काचेवर बसते.”

“आणि हे गोड?”

“पाणी गोठू नये म्हणून घालतात. चवीला गोड आणि मूत्रपिंडाला विष. तीर्थ म्हणून कुणी पेलाभर प्यायलं तर...”

पुढचं ऐकायला मल्हारी तिथं नव्हता.

तो पोचला तेव्हा इंजिन घरघरत होतं, बुवाचा हात रुमालाखाली लाल कळीवर होता, आणि चांगुणा भरलेला पेला दोन्ही हातांत धरून उभी होती. डोळे मिटलेले. पेला ओठापासून चार बोटांवर.

“पोरी, ओठाला लावू नकोस.”

तिनं डोळे उघडले. पेला खाली घेतला नाही. “दादा, तुम्हीच सांगितलं ना, हे पाणी गाडीचं नाही म्हणून?”

“सांगितलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं सांगितलं. विष आहे ते.”

रांगेत कुजबुज उठली. बुवा हसला. “बाप असून पोरीच्या कुशीवर उठला. आई बघते आहे, मिस्त्री. बोलून दाखव की आणखी काही.”

 मल्हारीनं खिशातून स्क्रूच्या दोन पकडी काढल्या, माळा ओरबाडल्या, बॉनेट उचललं आणि एकेका नळीवर एकेक पकड करकचून आवळली. मग दार उघडून ताम्हणाशी उकिडवा बसला.

टप. टप. थेंब पडतच राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, आईला पकडीनं धरायला निघालाय. चांगुणाच्या हातातला पेला कलला, त्यातलं हिरवं पाणी काठाशी आलं. टप. मल्हारीच्या कपाळावरचा घाम त्याच ताम्हणात पडला. बुवानं तिच्या कोपराला हात लावला, म्हणाला, “घे बेटा, वेळ टळतेय.”

टप. मग बराच वेळ काही नाही. मग एक. मग काहीच नाही.

मल्हारी उठला, पकडी सोडल्या. थोड्या वेळात थेंब सुरू. पुन्हा आवळल्या, थेंब थांबले. तिसऱ्यांदा त्यानं पकडी रांगेतल्या एका भाजीवाल्याच्या हातात दिल्या. त्याच्या हातानंही देवी थांबली.

तेवढ्यात विमलाबाई धापा टाकत आल्या. त्यांनी डबा सगळ्यांना दाखवला, आणि हे लेबल कुणाच्या नखांनी खरवडलं, एवढंच विचारलं. सगळे बुवाच्या बोटांकडे पाहू लागले. बुवानं हात धोतरात लपवले आणि मागच्या दाराकडं सरकला. तिथं कुत्र्याच्या जागेवर आता वाल्मीकशेट स्वतः उभा होता, आणि तो दारातून हलला नाही.

विमलाबाईंनी चांगुणाच्या हातून पेला घेतला आणि डब्यासकट तशाच दवाखान्यात गेल्या. नेमकं काय पोटात गेलंय हे कळल्यावर डॉक्टरांच्या हातात काहीतरी आलं. या विषावर दवाखान्यात मोजून दारूच देतात. जन्मात थेंबाला न शिवलेल्या कुसाबाईनं ती नाकाला पदर लावून सोसली, आणि महिन्यानं स्वतःच्या पायांनी घरी आली.

वखारीत रांग मोडली, पण माणसं जाईनात. मल्हारी त्यांच्यापुढं उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं.

“बुवा लबाड आहे, त्याचं पोलीस बघतील,” तो म्हणाला. “पण तुम्ही बुवाचं ऐकून नाही आलात, माझं ऐकून आलात. मी नळी पाहिली आणि ती कुठं जाते ते पाहिलं नाही. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. यापुढं कुणी काही अजब दाखवलं तर हात जोडायच्या आधी बॉनेट उघडायला लावा. मी आडवा आलो तर मलाही उघडायला लावा.”

चांगुणा बाजूला पायरीवर बसली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मल्हारी जवळ बसला तशी ती हळूच म्हणाली, “आता घोटीला जाऊन सांगू काय?”

“सांग की डॉक्टरांकडं जायचंय,” मल्हारी म्हणाला. “आणि एकटी नाय जायची. जावईबापूंनाही तपासायचं. सात वर्षांत त्यांची नळी कुणी पाहिलीच नाय.”

चांगुणानं पदर तोंडावर घेतला. ती रडते की हसते हे मल्हारीला कळेना, म्हणून या वेळी त्यानं विचारलं.