दिवाणातली स्टेनगन

विजयमालाला आधी तो नळाचा पाईपच वाटला.

सासऱ्यांना, म्हणजे रावजी हवालदारांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा जुना लाकडी दिवाण भंगारात द्यायचा म्हणून ती भर दुपारी आतली अंथरुणं उपसत होती. तळाची एक फळी उचलल्यासारखी दिसली. तिनं उलथनं घालून ती उचकटली. खाली मेणकापडाचं लांबट गाठोडं होतं. सोडून बघते तर वंगण माखलेला काळा पाईप. पुढं भोकं, मागं लोखंडी दांड्याची चौकट आणि डाव्या अंगाला बाहेर आलेली एक चपटी डबी. ती डबी धरूनच तिनं पाईप उचलला आणि तिची नजर भिंतीवर गेली.

भिंतीवर सासऱ्यांचा खाकी वर्दीतला फोटो होता. बावीस वर्षं ती त्यावरची धूळ पुसत आली होती. फोटोत त्यांच्या खांद्याला हेच लटकत होतं. पूर्वी पोलीस बंदोबस्ताला न्यायचे, ती स्टेनगन.

खाली टाकावी तर उडेल, धरून ठेवावी तर वंगणानं निसटतेय. शेवटी तान्हं मूल ठेवावं तशी तिनं ती गादीवर ठेवली आणि सासूच्या खोलीत गेली.

"आत्या, मामांच्या दिवाणात..."

केराबाईंनी सुनेचे वंगणानं काळे झालेले हात पाहिले आणि पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "आदी फळी ठोक," त्या म्हणाल्या. "कुनाला दिसायच्या आत फळी ठोक."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्सं माहीत हाय." म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. मग हळूहळू बोलायला लागली.

निवडणुकीचा बंदोबस्त होता. मतपेट्या आत नेऊन ठेवायच्या म्हणून चनबसप्पा नावाच्या शिपायानं आपली स्टेनगन हवालदारांच्या हातात दिली. हवालदारांनी ती जीपमध्ये मागं ठेवली. कच्च्या रस्त्यानं येताना जीपचं फाळकं उघडलं आणि ती कुठंतरी पडली. चौकशी लागली तेव्हा रावजींनी जबाब दिला, की चनबसप्पानं बंदूक आपल्याकडं दिलीच नव्हती.

"तीन हप्त्यांनी एक मेंढक्या गोनपाटात गुंडाळून घिऊन आला. म्हनला, हवालदार, ह्यो कसला सैतान हाय? हातातनं निसटून बुडावर पडला आन् आपसूक उडाला. माजं कुत्रं मेलं की." केराबाईंनी पदर तोंडाला लावला. "ह्यांनी तवर जबाब दिला हुता. बंदूक ठाण्यात जमा केली असती तर खोटं उघडं पडलं असतं. नोकरी गेली असती, तुरुंग झाला असता. पदरात अभी हुता. मी बी गप बसले."

"आणि तो चनबसप्पा?"

"बडतर्फ झाला. सात रस्त्याच्या चौकात किल्ल्या बनवतो. ह्ये त्या रस्त्यानं कदी गेलं न्हाईत, बग."

विजयमालानं नवऱ्याला फोन केला. अभिमन्यू सूतगिरणीत टाइमकीपर होता. अर्ध्या तासात धापा टाकत आला. त्यानं बंदूक पाहिली, आईचं ऐकलं आणि पहिलं काय केलं, तर घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, बंद खोलीत, तिघं त्या गादीकडं बघत उभी राहिली.

"आरोहीचं काय?" तो म्हणाला.

आरोही त्यांची एकुलती मुलगी. दोन वर्षं पहाटे उठून धावली होती, तेव्हा कुठं पोलीस भरतीच्या यादीत नाव लागलं होतं. चारित्र्य पडताळणीचे कागद त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात गेले होते. चार दिवस मामाकडं म्हणून ती कुर्डुवाडीला गेली होती.

"कुणाला काही सांगायचं नाही," अभिमन्यू म्हणाला. "ऊन उतरलं की स्कूटरवरून नेतो आणि हिप्परग्याच्या तळ्यात टाकून येतो. विषय संपला."

"अहो, पण आत गोळ्या असतील तर? त्या मेंढक्याच्या हातून नुसती पडली तर उडाली होती."

"मग काय करू? बाँबवाल्यांना बोलवू?" तो एवढ्या जोरात खेकसला, की पुढच्या क्षणी स्वतःच दचकून बंदुकीकडं बघायला लागला.

विजयमालाच्या डोळ्यांसमोरून आता दोन चित्रं हलेनात. एक, रस्त्यातल्या खड्ड्यात आदळणारी स्कूटर. दुसरं, तोंडही न पाहिलेल्या एका माणसाचं. दूध आणते असं सांगून ती बाहेर पडली आणि रिक्षा करून थेट सात रस्त्याला आली.

लोखंडी टपरीत पांढऱ्या खुरट्या दाढीचा एक माणूस कानस घेऊन किल्ली घासत होता.

"कुलूप कुठलं हाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कुलूप नाही. मी रावजी हवालदारांची सून."

कानस थांबली.

"तुमची ती स्टेनगन... आमच्या घरात सापडली."

तो शिव्या देईल, ओरडेल, लोक गोळा करील, असं काय काय मनात धरून ती उभी होती. चनबसप्पानं हातातली कानस खाली ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "मॅगझिन लावलेलं हाय काय?"

"म्हणजे?"

"डाव्या बाजूला चपटी डबी."

"आहे. आणि हे ती स्कूटरवरून तळ्यात टाकायला निघालेत."

"मग चला की! उभ्या काय राहिलात?" तेलाची बाटली खिशात कोंबून तो टपरी उघडीच टाकून निघाला.

रिक्षात तो एकदाच बोलला, कानडी हेलात. "त्या बंदुकीला अक्कल नाही, अव्वा. घोडा ओढायलाच पाहिजे असं नाही. बूड आपटलं की आतला बोल्ट मागं सरकतो आणि येताना गोळी घेऊनच सुटतो. मॅगझिन लावून जीपमध्ये ठेवायची नाही, असा हुकूम होता. मी काढून दिलं होतं. नंतर कुणी लावलं ते मला कसं ठाऊक?" त्यानंतर गतिरोधक आला की विजयमाला समोरची दांडी घट्ट धरायची. बंदूक रिक्षात नव्हती, तरी.

घराच्या फाटकाशी पोचले तर अभिमन्यूनं ऊन उतरायची वाटही पाहिली नव्हती. स्कूटरच्या पायठेवणीवर पोतं उभं होतं. पोत्याचं वरचं टोक त्याच्या हनुवटीखाली आलं होतं. स्कूटर मधल्या स्टँडवर होती आणि ती पुढं ढकलायला त्यानं जोर लावला होता.

"मुट्टबेडा!" चनबसप्पा ओरडला. "हात लावू नका! गाडी स्टँडवरनं काढू नका!"

अभिमन्यू जागच्या जागी गोठला.

"मान मागं घ्या. अजून मागं. आता हलू नका." चनबसप्पा पावलं मोजत गेला, पोत्याला दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचललं आणि परसात नेलं. तिथं बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. बंदुकीचं तोंड वाळूकडं करून त्यानं ती आडवी ठेवली, पोतं सोडवलं आणि स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"माझ्या अंगठ्यात आता जोर नाही. दुसरं कुणीतरी लागणार."

अभिमन्यू भिंतीला टेकून बसला होता, घामानं निथळत. विजयमाला पुढं झाली.

"हा बोल्टचा दांडा दिसतो का? पुढं दाबून धरायचा. काहीही झालं तरी मागं येऊ द्यायचा नाही."

तिनं अंगठा ठेवला. लोखंड तापलेलं होतं. चनबसप्पानं डबीच्या सांध्यात तेल सोडलं आणि थांबला. पुन्हा सोडलं. जुनं वंगण वाळून दगड झालं होतं. तो डबी जरा जरा हलवायचा, आतून खरखर यायची, आणि दर खेपेला विजयमालाला वाटायचं, झालं. बोटं बधिर झाली. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसता येईना. कुठंतरी शेजाऱ्यांचा कुकर शिटी देऊन गेला आणि तिच्या तोंडून किंकाळी निघाली, पण अंगठा तिनं हलवला नाही.

खट्ट आवाज झाला. तिनं डोळे मिटून घेतले.

"सुटली, अव्वा," चनबसप्पा म्हणाला. डबी त्याच्या हातात होती. आत हिरवट पडलेल्या गोळ्या दिसत होत्या. त्यानं बोल्ट मागं ओढून नळीत पाहिलं, मग वाळूवर बसकण मारली. "आता ठाण्याला फोन लावा. माझ्यासमोर."

अभिमन्यूनं हात जोडले. "काका, पोरीची पडताळणी चालू आहे. तुम्ही म्हणाल ते करतो. पण आता तळ्यात..."

"बंदूक दरोडेखोरांना विकली असा ठपका ठेवून मला तीन महिने आत ठेवलं," चनबसप्पा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "बायको माहेरी गेली ती परत आली नाही. आई वारली तेव्हा खांदा द्यायला भावकीतलं कुणी आलं नाही. मलाही एक पोरगी होती."

विजयमालानं मोबाईल काढला. वंगणाच्या बोटांनी एक-एक-दोन हे तीन आकडे दाबताना तिला आरोहीचे धावून फाटलेले बूट आठवत होते. तिनं फोन लावला.

आलेला फौजदार तिशीचा होता. त्यानं बंदुकीपेक्षा आधी माणसांकडं पाहिलं. "बडतर्फ शिपाई तू? मग तूच यांच्याकडं लपवायला दिली नसशील कशावरून?"

आपण याला इथं आणून पुन्हा अडकवलं, हे विजयमालाच्या आत्ता ध्यानात आलं.

तेवढ्यात केराबाई चौकट धरत बाहेर आल्या. "त्यानं न्हाय दिली. माज्या मालकानं लपवली. मी बघितलं हाय. लिवून घ्या माजा जबाब." त्या चनबसप्पाकडं वळल्या, पण तिकडं बघणं त्यांना झेपलं नाही.

शिपाई फडक्यानं नळीवरचं वंगण पुसून नंबर शोधत होता. चनबसप्पा वाळूवर बसल्या जागेवरून म्हणाला, "डबीच्या घरावर बघा. सहा, नऊ, चार, एक, दोन." शिपायानं पुसलं, वाकून वाचलं आणि फौजदाराकडं पाहून मान हलवली. त्यानंतर फौजदार चनबसप्पाला अरेतुरे बोलला नाही. विजयमालानं चहा विचारला तर चनबसप्पा "बेडा, नको" एवढंच म्हणाला आणि पोलिसांच्या गाडीत बसून जबाब द्यायला गेला.

पुढं बरंच सोसावं लागलं. अभिमन्यूला अकरा वेळा ठाण्यात बोलावलं. आरोहीची नेमणूक अडली. चार महिने ती आईशी धड बोलली नाही. आठव्या महिन्यात तिच्या नेमणुकीचं पत्र आलं आणि ती प्रशिक्षणाला गेली. जाताना आईला बिलगली, पण आजीच्या खोलीत गेली नाही.

चनबसप्पानं बडतर्फी रद्द व्हावी म्हणून अर्ज केला आहे. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. सुनावणीची तारीख असली की विजयमाला साक्षीदार म्हणून त्याच्याबरोबर जाते. कचेरीच्या पायऱ्या चढताना अजून ती कठडा धरून मध्येच थबकते. चनबसप्पा दोन पायऱ्या वर तिच्यासाठी थांबतो.