‘बसू नये’ म्हणे!

मी चाकांची खुर्ची बोलतेय. हो, तीच, जिच्यात कोणी बसलेलं दिसलं की लोक आधी ‘अरेरे’ म्हणतात आणि मग वाट देतात. ते ‘अरेरे’ तुमचं तुमच्याकडेच ठेवा. बावीस वर्षं मी राबले आहे. ज्या बाईने मला कामाला लावलं, तिच्याबद्दल गेल्या महिन्यात भर सभेत जे बोललं गेलं ते ऐकून माझं डोकं फिरलंय. म्हणून आज तोंड उघडलं.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या रेक्झिनची बैठक, मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन पिटुकली. दुकानात आठ महिने प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी होते. मग एक दिवस एक ठेंगणी बाई आली. खांद्याला भली मोठी पिशवी आणि आवाज असा की डुलक्या घेणारा दुकानदार ताडकन उठला. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला ट्रकने उडवलं होतं, दोन्ही पाय मोडले होते आणि वर्षभर तरी ती चालणार नव्हती. बाई आधी स्वतः माझ्यात बसली, दुकानात एक फेरी मारली, काचेच्या कपाटावर धडकली आणि म्हणाली, “हीच द्या.”

ती बाई म्हणजे मावशी. सख्खी भाचरं तिला नव्हतीच, पण सगळी गल्ली मावशीच म्हणायची.

पहिलं भांडण शाळेत झालं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. हेडमास्तर म्हणाले, यंदाचं वर्ष मुलीला घरीच राहू द्या, पुढचं पुढे बघू. मावशीने हुज्जत घातली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला शाळेच्या दारात आडवी लावली, स्वतः माझ्यात बसली आणि पिशवीतून लोकर काढून स्वेटर विणायला घेतला. लेक शेजारी पाय पसरून पाढे म्हणत होती. मास्तर लोक माझ्या पायपट्ट्या ओलांडून आत जायचे. शिपायाने दोन वेळा चहासुद्धा आणून दिला. स्वेटरची एक बाही पूर्ण व्हायच्या आत हेडमास्तरांनी नाक मुठीत धरून अख्खा वर्ग तळमजल्यावर आणला.

चौदा महिन्यांनी लेक चालली. पलंगापासून दारापर्यंत आणि परत, कोणाचा हात न धरता. मावशी मोठमोठ्याने रडली. मग डोळे पुसून तिने मला साबणाने धुतलं. गल्लीच्या टोकाला शिंप्याचे वडील अर्धांगवायूने पडून होते. नातेवाईक म्हणाले, टेम्पो सांगू या. मावशी लेकीला म्हणाली, “तू उठलीस ना हिच्यातून? मग तूच ढकलत ने.” पोरगी लंगडत होती, तरी तिनेच मला नेलं. ब्रेक कसा लावायचा ते तिनेच शिंप्याला दाखवलं.

तेव्हापासून तोच नेम पडला. मला कुठे साठवून ठेवायचं नाही, गाडीत घालायचं नाही. ज्या घरचं काम झालं, त्या घराने मला पायी ढकलत पुढच्या घरी न्यायचं आणि तिथे बसून सगळं शिकवून यायचं. माणूस बरा झाला तरी, आणि माणूस गेला तरी.

गेला तरी, हे लोकांना जड जायचं. बेकरीवाल्याची आई माझ्यात बसायची. ती गेली तेव्हा आठ दिवस त्याने भट्टी पेटवली नाही. मावशी आल्यावर एवढंच म्हणाला, हिला माझ्या नजरेसमोरून न्या. मावशीने मान हलवली. “मी नेणार नाही, बाबा. तू ने. मी बरोबर चालते.” दोघं निघाले. पुढच्या घरी एका म्हाताऱ्या बाईंना पलंगावरून उचलून माझ्यात बसवायचं होतं आणि त्यांच्या सुनेला काही केल्या जमेना. बेकरीवाला पुढे झाला. काखेत हात कसा घालायचा, वजन आपल्या गुडघ्यावर कसं घ्यायचं, आईची मान अवघडली की उशी कुठे लागायची, असं तासभर तो त्या सुनेला समजावत होता. परत जाताना ढसाढसा रडला, पण दुसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली.

अशी एकतीस घरं मी केली. घर बदललं की मावशी पाना घेऊन यायची, माझे नट आवळायची आणि घरातल्यांची खरडपट्टी काढायची, तेल का नाही घातलं म्हणून.

आणि हो, ती देवीबिवी नव्हती. तिला लवकर राग यायचा. दुसऱ्यांच्या आजारपणात धावताना लेकीच्या बक्षीस समारंभाला ती दोनदा पोचली नाही. लेकीने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा मावशी स्वयंपाकघरात भांडी आपटत एकटीच बसली होती. तिचे गुडघे दुखायचे. चढावर मला मागून हात लावताना ती गाडीवाल्यांना, रस्त्यातल्या खड्ड्यांना आणि माझ्या सात पिढ्यांना शिव्या घालायची. मला त्या शिव्या गोड लागायच्या.

मावशी एका दुपारी गेली. घरात बसल्या बसल्या, काही कळायच्या आत. मी नेमकी तिच्याच दारात उभी होते, पुढचं घर ठरायचं होतं.

गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांना सगळे भाषणकाका म्हणतात. माणूस वाईट नाही, पण माईक दिसला की त्यांना धीर धरवत नाही. त्यांनी ठराव केला की खुर्ची मावशींची आठवण म्हणून वाचनालयात ठेवायची. लेक परगावी नोकरीला असते. आईच्या जाण्याने ती पार कोलमडली होती. तिनेही हो म्हटलं. एवढंच नव्हे, तर रंग कोणता द्यायचा हे तिनेच सांगितलं. सोनेरी!

मला सोनेरी रंग फासला. लाकडी चौथऱ्यावर चाकं नट-बोल्टने आवळली. भोवती लाल दोरी बांधली आणि समोर पाटी लावली, ‘कृपया बसू नये’. अहो, खुर्चीला बसू नये? मग काय माझी दृष्ट काढायची?

सभा भरली. भाषणकाका म्हणाले, मावशी त्यागाची मूर्ती होत्या, मावशींना कधी राग आला नाही, मावशी कधी दमल्या नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेक पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात मागून लाँड्रीवाला उठला. स्टुलावरून पडून त्याच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण अजून दीड महिना पाय टेकवायचा नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत ती दिवसभर छताकडे बघत पडलेली असायची आणि दुकान बंद होतं. तो चाचरतच म्हणाला की मावशी असत्या तर खुर्ची एव्हाना माझ्या दारात असती. भाषणकाकांनी त्याला गोडीत समजावलं, की मंडळ दुसरी खुर्ची बघेल, पुढच्या बैठकीत विषय घेऊ, ही आता स्मारक आहे.

मग लेकीला दोन शब्द बोलायला बोलावलं. ती माईकपाशी गेलीच नाही. आईची ती मोठी पिशवी तिच्या खांद्याला होती. तिने आतून पाना काढला, दोरी ओलांडली आणि माझ्यापाशी गुडघे टेकले. रंगाने नट घट्ट बसले होते. तिचे हात सोलवटले. लाँड्रीवाला धावला, मग बेकरीवाला.

भाषणकाका म्हणाले, “अगं, हा मंडळाचा ठराव आहे. तुझ्याच संमतीने झालाय.”

“माझंच चुकलं, काका,” ती म्हणाली. “आई असती तर आधी मला झापलं असतं. तुम्ही नवा ठराव करा, आम्ही निघतो.”

आम्ही निघालो. लाँड्रीवाला म्हणाला, मी ढकलतो. ती नको म्हणाली, म्हणाली हे घर माझं होतं, पोचवायचं मलाच. चढ लागला. तिचे मोडून जुळलेले पाय दुखत असणार, दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा माझ्या दांड्यांवर डोकं टेकून रडली. “आई, तू हे इतकी वर्षं कसं गं करत होतीस?”

तेव्हाच मला वाचा फुटली असती तर सांगितलं असतं. दमत करत होती, बाळा. रडत, चिडत, गुडघे चोळत करत होती. तिला तुमच्याइतकंच जड जात होतं.

सध्या माझा मुक्काम लाँड्रीत आहे. बायको माझ्यात बसून शर्टांच्या घड्या घालते आणि नवऱ्याने कॉलरींची कशी वाट लावली ते प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगते. दांड्यांवरचा सोनेरी रंग हातांनी उडत चाललाय. खुशाल उडू दे.

सोमवारी डॉक्टर तिला उभी करणार आहेत. पुढच्या घरी माझी वाट बघताहेत, लाँड्रीवाल्याने रस्ताही बघून ठेवलाय. कोणाला मावशीची आठवण येत असेल, तर चढावर या आणि मागून हात लावा. तेवढा वेळ नसेल, तर निदान वाटेतून बाजूला व्हा.