साबणाला कोण धुणार?

तुम्हाला अजून दाढी फुटायची आहे, तेव्हा तुमची-माझी ओळख असण्याचे कारण नाही. मित्रांनो, मी दाढीचा साबण. लाकडी वाटीत बसवलेला, लवंगेच्या वासाचा. ओला ब्रश फिरवला की माझा दाट फेस निघतो आणि गालावर ठाण मांडून बसतो. एवढी बढाई मला मारू द्या, कारण पुढे मिरवण्यासारखे फारसे नाही.

एका छोट्या कारखान्यात मला साच्यात ओतले, फळीवर वाळवले आणि वाटीत बसवले. तिथून मी ज्या घरात गेलो तिथे भाऊ तीन आणि वाटी एकच. सकाळी आरशापुढे रांग लागे. थोरला फेस काढायचा, मधला त्यातच ब्रश बुडवायचा, धाकट्याची पाळी येईपर्यंत माझा लगदा झालेला असे. मग मी ओला असतानाच माझ्यावर झाकण बसे. धाकट्याच्या हनुवटीवर फोड उठू लागले, तेव्हा सगळ्यांनी पात्याला दोष दिला, मग उन्हाला, मग त्याच्या खाण्याला. माझ्याकडे कोणी बोट दाखवले नाही. थोरला छातीठोकपणे म्हणायचा की साबणच तो, त्याला कसली घाण लागणार. खरे सांगतो, मलाही ते पटायचे.

पुढे भाऊ वेगळे झाले आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन पडलो. झिजून माझे पोट आत गेले होते. दुकानदाराने अंगठा ओला करून मला घासघासून सपाट केले, वाटीला तेलाचा हात लावला. माझे रूप असे पालटले की मीच स्वतःला ओळखले नसते.

तिथे एक आजी आल्या. त्यांच्या घरी आजोबा मोठ्या दुखण्यातून उठत होते. औषधांनी त्यांचा जीव वाचवला होता, पण अंगातली रोगाशी झुंजायची ताकद पार काढून घेतली होती. साधा फोडसुद्धा जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आजोबांची दाढी मात्र वाढली होती, आणि ती पाहून मागच्या खेपेला लहानगी नात रडत आईच्या कुशीत लपली होती. ते त्यांना फार लागले होते. आता ती उद्या पुन्हा येणार होती. आजोबांच्या नेहमीच्या साबणाचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, म्हणून तोच साबण दुकानात दिसताच आजी हरखल्या. नवाच आहे ना, असे त्यांनी विचारले. बघा की, एक रेघ तरी दिसते का, असे म्हणून दुकानदाराने मला कागदात गुंडाळले.

आजींनी तयारीत काही कसर ठेवली नाही. ब्रश नवा, पाते नवे, पाणी उकळून कोमट केलेले, पंचा इस्तरी केलेला. स्वतःचे हात त्यांनी कोपरापर्यंत धुतले. राहिलो तो मी. साबणाला कोण धुणार?

ब्रश माझ्यावर फिरला. दुकानदाराने लिंपलेला वरचा थर निघाला आणि खालचा जुना मी उघडा पडलो. फेस आजोबांच्या उजव्या गालावर चढला. त्यांनी रेझर उचलला. त्यांचा हात स्थिर नव्हता, हे मला वाटीतूनही दिसत होते.

"अहो, थांबा जरा," आजी म्हणाल्या. "फेसात हा केस बघा. काळा आहे."

"ब्रशचा असेल."

"ब्रश पांढरा आहे. तुमची दाढीही पांढरी. मग हा कुणाचा?"

आजोबा वैतागले. साबणच आहे तो, त्याला काय होणार, असे पुटपुटत त्यांनी रेझर गालाला टेकवला. मित्रांनो, त्या वेळी माझी काय दशा झाली, कसे सांगू? मी स्वच्छ आहे असे म्हणावे तर खात्री नाही, मी घातक आहे म्हणावे तर तीही नाही. कदाचित माझ्यात काहीच नसेल. पण त्या हातून एक ओरखडा उठला असता तरी पुरे होते, आणि मी तर गालभर पसरलेलो होतो.

आजींनी त्यांच्या रेझर धरलेल्या हाताचे मनगट पकडले. दुसऱ्या हाताने दुकानदाराला फोन लावला. त्याने आधी आढेवेढे घेतले. मग कबूल केले की साबण वापरलेला आहे, आधीच्या घरात तिघे जण तो वापरत, पण आपण तो वरून चांगला धुतला आहे. आजींनी पुढचे ऐकले नाही.

"द्या तो रेझर इकडे."

"उद्या ती परत रडेल," आजोबा काकुळतीला आले. "मला बघून रडते गं ती."

"रडू दे. रडायला समोर आजोबा तर असतील."

आजोबांनी रेझर सोडला. उकळलेल्या पाण्याने आजींनी त्यांचा गाल हलक्या हाताने धुतला, टिपला, उजेडात नेऊन इंच इंच पाहिला. कुठे खरचटले नव्हते. तरी संध्याकाळपर्यंत त्या ताप पाहत राहिल्या, आणि वाटीतल्या वाटीत मीही धास्तावून बसलो. ताप आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने नवे मशीन आणून दाढी बारीक करून दिली. नात आली. तिने आजोबांकडे बराच वेळ टक लावून पाहिले. जवळ गेली नाही, पण लपलीही नाही.

दुकानदाराचा निरोप आला, वाटी आणून द्या, बदलून देतो. आजी नाही म्हणाल्या. तो परत अंगठा फिरवणार आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाठवणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सुरी घेतली आणि माझे तुकडे केले, मग ते वाटीसकट पिशवीत बांधले.

त्या पिशवीतूनच मी तुमच्याशी बोलतो आहे. दुसऱ्याच्या अंगाला लागलेली वस्तू नुसती सुंदर दिसते म्हणून आपल्या अंगाला लावू नका. कोणी वापरली, कशी ठेवली, हे विचारायला लाजू नका, आणि घरात एकाचे सामान दुसऱ्याने वापरू नका. मला फेकले म्हणून मी रुसलेलो नाही. माझ्यात काय होते ते मला शेवटपर्यंत कळले नाही. पण आता मी कोणाच्याच गालाला लागणार नाही, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे.