वेलांटीची उडी

क्लेटनने गासमधल्या सणांचे, लग्नांचे, वाढदिवसांचे इतके बॅनर केले होते की गावातला एकही खांब त्याच्या तावडीतून सुटला नव्हता. आता मात्र त्याला बॅनरचा वीट आला होता. आपली चित्रं हलली पाहिजेत, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. मोशन डिझाइन शिकायचं, अंधेरीच्या एखाद्या स्टुडिओत नोकरी धरायची आणि खांबांना कायमचा रामराम ठोकायचा.

त्याने ऑनलाइन कोर्स घेतला, तर पहिलाच धडा निघाला चेंडूचा. चेंडू पडतो, उसळतो, थांबतो. कधी थांबायचं आणि किती वेळ थांबायचं ते आधी शिका, बाकीचं मागाहून, असं शिकवणारी बाई कळकळीने सांगत होती. "आता ह्या वयात चेंडू खेळू?" म्हणत क्लेटनने तो धडा ओलांडला आणि थेट अक्षरं नाचवण्याच्या धड्यावर गेला. तिथे सगळं आयतं होतं. बटण दाबलं की नाव उड्या मारत येणार, पाकळ्या उधळत जाणार. कोणाला आवडणार नाही?

तेवढ्यात क्लेमेंटीन आंटी गेली. ती क्लेटनची धर्ममाता. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलं होतं, आणि पुढे आई कामावर असताना त्याच्या ताटात मासळीचा मधला तुकडाही तीच वाढायची. महिना भरला की चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्साची प्रार्थना होणार होती आणि त्यानंतर पडद्यावर तिच्या आठवणींचा छोटा व्हिडिओ दाखवायचा, असं तिच्या मुलीने, नताशाने ठरवलं.

"तूच कर. मम्मीला किती कौतुक होतं तुझं," ती म्हणाली.

क्लेटनने तो मन लावून केला, यात खोट नाही. पण स्टुडिओला पाठवायला आयता नमुनाही होतोय, हेही त्याच मनात चाललं होतं. नाव नाचवताना एक गंमत झाली. तो इफेक्ट इंग्रजी अक्षरांसाठी केलेला. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळे त्याच्या लेखी सुटे. वेलांटी अक्षराला सोडून एकटीच उडायला लागली. क्लेटनला ते दिसलं, आणि दिसूनही झकास वाटलं.

चर्चमध्ये फोटो आले तेव्हा बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मग नाव आलं. क उडाला, त्याच्या मागून मात्रा टुणकन उडाली, वेलांटी तर पडद्याच्या कडेला जाऊन आपटली. पुढच्या बाकावरची पोरं खुदकन हसली. मागे कोणीतरी हसू दाबायला खोकलं. अक्षरं जागेवर यायच्या आतच त्यांच्या पाकळ्या होऊन उधळल्या. शेवटी काळ्या पडद्यावर स्वच्छ अक्षरांत आलं, "डिझाइन : क्लेटन". त्या ओळीला इफेक्ट लावायचा राहून गेला होता. ती जराही न हलता व्हिडिओ बंद होईपर्यंत तशीच राहिली. धरणीने पोटात घेतलं असतं तर क्लेटन आनंदाने गेला असता.

बाहेर चहा चालू होता. तो खाली मान घालून फाटकाकडे सटकत होता, तर आंटीच्या नवऱ्याने, गॉडफ्रे अंकलनी, हाक मारली.

"क्लेटन, इकडे ये रे बाबा. माझी नजर आता मंद झाली. तुझं नाव बरोबर वाचलं हां मी. तिचं तेवढं निसटलं. मोबाइलात असेल ना? जरा थांबवून दाखव."

त्या आवाजात टोमणा असता तर क्लेटन सुटला असता. टोमणा नव्हता. अंकल खरंच वाचायला आले होते. क्लेटनने मोबाइल काढला.

त्याने व्हिडिओ लावला आणि नावावर बोट टेकवलं. क वर, मात्रा खाली, वेलांटी कोपऱ्यात. थोडा पुढे नेला, तर पाकळ्या. थोडा मागे आणला, तर अनुस्वार दुसऱ्याच अक्षरावर. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. अख्ख्या व्हिडिओत क्लेमेंटीन हे नाव धड असं एकदाही उभं नव्हतं.

अंकलनी चष्मा शर्टाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"सापडली की सांग," ते म्हणाले, आणि त्याच्या खांद्याशी वाकून वाट बघत उभे राहिले.