फुआतिनो आत्याच्या घरची खवणी

मित्रांनो, माझं वय मला विचारू नका. माझ्या पाठीवरचा खळगा बघा. बसणाऱ्यांनी बसून बसून तो पाडला आहे. मी सामोआतल्या सावाई बेटावरची नारळाची खवणी. अपेलू आजोबांनी नीरफणसाच्या खोडातून मला घडवलं, चार आखूड पाय दिले आणि तोंडाशी लोखंडाचं दातेरी पातं ठोकलं.

आजोबांनंतर त्यांचा मुलगा सियाओसी माझ्यावर बसू लागला. आमच्याकडे रविवारची तापल्या दगडांची भट्टी, म्हणजे ऊमू, पुरुषांनीच लावायची असते. दगड तापेपर्यंत तो नारळ खवून मोकळा होई. त्याच्या हातची पालुसामी, म्हणजे नारळाच्या रसात शिजलेली अळूची पानं, पाद्रीबाबांकडे गेली की भांडं चाटूनपुसून परत येई आणि त्याची बहीण फुआतिनो गावभर नाक वर करून फिरे. मलाही तेव्हा थोडा माज होता, खोटं का बोलू?

पुढे सियाओसी बायकामुलांसह ऑकलंडला गेला आणि तिकडेच वारला. इकडे दुकानात नारळाच्या दुधाचे डबे आले. फुआतिनो थकली. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. फार वाईट वाटे, पण करते काय?

गेल्या महिन्यात सियाओसीचा मुलगा लाफाएले कायमचा राहायला परतला. चाळिशीचा गडी, पण ऊमू कधी लावलेली नाही. त्यात या रविवारी पाद्रीबाबांना जेवण पाठवायची पाळी नेमकी आमची. बोट आली नव्हती, त्यामुळे दुकानात डबेही नव्हते.

"जमलं तर जमलं," आत्या भाच्याला म्हणाली. "नाहीतर पाव पाठवू आणि तोंड लपवून बसू. मग ही खवणी तरी कशाला हवी? घाल जाळात!"

आणि तिनं मला खरंच सरपणाशेजारी नेऊन ठेवलं.

रविवारी सकाळी आत्याच्या सांगण्याप्रमाणे ऊमू पेटवून लाफाएले माझ्यावर बसला, तोही एकाच बाजूला दोन्ही पाय सोडून.

"अरे, मोटारसायकलवर मागं बसलायस का?" आत्या ओरडली. "दोन्हीकडं पाय टाक, पुढं वाक!"

त्यानं इतका जोर लावला की खोबऱ्याबरोबर करवंटीही खरवडून आली. वर त्या चवावर त्यानं मगभर पाणी ओतलं.

"पाणी? मेल्या, पालुसामी पाठवायचीय की पेज?"

"आई डब्यातल्या दुधात घालायची..."

"घाल ते कोंबड्यांना!"

कोंबड्यांची चंगळ झाली. लाफाएले मात्र मान खाली घालून बसला. "आत्या, बाबांनी मला हे कधी शिकवलंच नाही गं."

आत्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "तिकडं खवणी कुठं होती त्याच्याजवळ? तो मांड्यांत जोर धरायचा, हात सैल सोडायचा. तसं कर." तिनं त्याचं मनगट धरलं, एक वाटी खवून दाखवली आणि सोडलं. आता पांढराशुभ्र चव भांड्यात पडू लागला. झाडाच्या सालीच्या धाग्यांत घालून त्यानं तो पिळला आणि पाण्याच्या थेंबाशिवाय घट्ट रस काढला. अळूच्या कोवळ्या पानांचे द्रोण करून त्यांत कांदा, मीठ आणि रस घातला, ते बांधून तापल्या दगडांवर रचले, वर पानं झाकली आणि दोघं चर्चला गेली.

मी पुन्हा सरपणाशेजारी जीव मुठीत धरून बसले. अळू कच्चं राहिलं तर घसा खाजणार, आणि तो पाद्रीबाबांचा!

परत आल्यावर आत्यानं आधी एक पुडी स्वतः उघडली. घास घेतला. डोळे मिटले.

"खाजतोय का घसा?" लाफाएलेनं घाबरत विचारलं.

"गप्प बस जरा," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाच्या हातचं जेवतेय."

हुश्श! पाद्रीबाबांचं भांडं गेलं, आणि आत्यानं सरपणाशेजारून मला उचलून उरलेल्या जेवणापेक्षाही आधी घरात नेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्ही पुसून फळीवर मांडता, त्यात तुमची माया असते, मला कळतं. पण मला फळीवर ठेवू नका. दर रविवारी कुणीतरी माझ्यावर बसावं, एवढंच माझं मागणं आहे.