मनकर्णाची चढाई

लग्नाआधी मनकर्णाबाई खुलताबादच्या मुलींच्या कबड्डी संघात चढाई करायची. बेचाळिशीत तिचं वजन सव्वाशे किलोवर गेलं होतं, जोडीला साखर आणि बीपी. घरचा जिना चढतानाही दम लागायचा. तिचा थोरला भाऊ सांडू याच वयात छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून नवरा कारभारी धास्तावला होता.

शहरातल्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. "वजन उतरलं की साखर, बीपी आटोक्यात येईल. हृदयाचा धोका कमी होईल. पूर्ण जाईल, असं मी म्हणणार नाही. खाणंपिणं मात्र जन्मभर सांभाळावं लागेल."

"ऑपरेशनमधीच काही झालं तर?" कारभारीनं विचारलं.

"तीही जोखीम आहे, थोडी."

मनकर्णा म्हणाली, "सांडूदादाला कुणी विचारलंच नाय. मला तरी विचारतेत. करू."

ऑपरेशननंतरचे पहिले महिने जड गेले. वाटीभर वरणानं पोट भरायचं, केस गळायचे, लग्नाच्या पंगतीत बसलं की रडू यायचं. पण वजन उतरत गेलं. साखरेची गोळी बंद झाली, बीपीची निम्म्यावर आली.

दीडेक वर्षानं संघातली जुनी मैत्रीण जैतुनबी घरी आली. "शहरात क्रांती चौकाजवळ जुन्या खेळाडूंचा सामना हाय. येती का?"

मनकर्णा आधी डॉक्टरांकडं गेली. त्यांनी तिला मशीनच्या पट्ट्यावर चालवून, पळवून हृदय तपासलं आणि खेळायला परवानगी दिली.

सामन्यात शेवटची चढाई उरली, गुण बरोबरीत. जैतुनबीनं तिला पुढं ढकललं. "तूच जा."

कबड्डी, कबड्डी म्हणत मनकर्णा शिरली. पायांना सगळं आठवत होतं. तिनं कोपऱ्यातलीला हात लावला आणि वळली, तेवढ्यात दोघींनी कंबर धरली. ती आडवी पडली. लोक उभे राहिले. तोंडातला शब्द तिनं तुटू दिला नाही. अंग रेटत, हात ताणत तिनं बोटं मध्यरेषेला टेकवली. शिट्टी वाजली. संघातल्या बायका नाचत तिच्या अंगावर येऊन पडल्या.

कारभारी गर्दीतून धावत आला. "छातीत काही होतंय का?"

"धडधडतंय," धुळीत बसूनच ती हसली. "लई झ्याक धडधडतंय."